बेडी तुटली, भेद उरला : फ्रेडरिक डग्लस यांचे अल्पचरित्र

वारीच्या वाटेवर एक रीत आहे. समोर जो येईल त्याच्या पायाला हात लावावयाचा. तो कोण, कुठला, कोणत्या आळीचा, याची चौकशी आधी कोणी करीत नाही. म्हातारा पोराच्या पाया पडतो, पोर म्हाताऱ्याच्या पाया पडते. ही रीत अंगवळणी पडल्यामुळे आपल्याला तिचे नवल वाटत नाही. पण या जगात अशीही देवघरे होऊन गेली, की तेथे एकाच देवाच्या नावाने जमलेल्या मंडळींना प्रसाद वाटताना आधी कातडीचा रंग पाहत, आणि गोऱ्यांचे सगळे आटोपल्यावर मग काळ्यांना बोलावीत. अशाच एका देवघरातून उठून बाहेर पडलेल्या पुरुषाचे चरित्र या महिन्यात वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे. त्यांचे नाव फ्रेडरिक डग्लस. हे संतचरित्र नव्हे, आणि आपल्या पंथाशी या पुरुषाचा संबंधही नव्हता. तरी ज्याला माणसात देव पाहावयाचा आहे, त्याने हे चरित्र एकदा वाचावेच, असे आमचे मत आहे.

अमेरिकेत मेरीलँड नावाचा प्रांत आहे. तेथील टॅलबट परगण्यात 1818 सालच्या फेब्रुवारीत हे मूल जन्मले. नाव ठेविले फ्रेडरिक बेली. आपण नक्की कोणत्या साली जन्मलो हे त्याला जन्मभर कळले नाही. मालकाकडच्या गुलामांच्या नोंदीत ते लिहिलेले होते, आणि ती नोंद त्याच्या मागे अभ्यासकांना सापडली. कायदा असा होता की आई गुलाम तर लेकरू गुलाम, मग बाप कोणीही असो. बाप गोरा होता, कदाचित मालकच होता, अशी कुजबूज त्या पोराने ऐकली होती. खरे काय ते त्याला कोणी सांगितले नाही.

आईचे नाव हॅरिएट. तिला दुसऱ्या शेतावर राबावयास धाडलेले, आणि ते शेत बारा मैल दूर. दिवसभर राबून ती माउली रात्री पायी चालत यावयाची, पोराला घटकाभर जवळ घ्यावयाची, आणि सूर्य उगवण्याच्या आत परत कामावर हजर व्हावयाची. चुकली तर चाबूक ठरलेला. अशा भेटी उभ्या आयुष्यात चार-पाचच झाल्या. एकदा मालकाच्या स्वयंपाकिणीने पोराला दिवसभर उपाशी ठेविले होते. नेमकी त्याच रात्री आई आली. तिने त्या बाईला चांगले खडसावले आणि पोराच्या हाती गोड भाकरीचा तुकडा ठेविला. त्या रात्री त्या पोराला कळले की आपणही कोणाचे तरी आहोत. तो सात वर्षांचा होण्याच्या सुमारास आई वारली. तिच्या मातीलाही त्याला जाऊ दिले नाही.

वाढविले ते आजीने. बेट्सी आजी मासे धरण्याची जाळी विणण्यात आणि रताळ्याची रोपे लावण्यात त्या पंचक्रोशीत नावाजलेली होती. पोर सहा वर्षांचे झाले तेव्हा मालकाचा हुकूम आला. आजी त्याला घेऊन चालत मोठ्या वाड्यावर आली. तेथे दुसरी पोरे खेळत होती. त्यांच्यात जाऊन खेळ म्हणाली, आणि हे पोर खेळात गुंतलेले पाहून मुकाट्याने निघून गेली. निरोप घेण्याचे बळ तिला कोठून आणावे? पोराने मागे वळून पाहिले तो आजी नाही. त्या दिवशी ते रडून रडून झोपी गेले. वाड्यावर पोरांना जेवण म्हणजे मक्याच्या पिठाची कण्हेरी, तीही एका लाकडी कोंडाळ्यात ओतलेली. डुकराच्या पिलांसारखी सगळी त्यावर तुटून पडत. थंडीत पांघरूण नाही म्हणून हा एका गोणत्यात डोके खुपसून निजे, आणि पाय बाहेर उघडे राहून त्यांना भेगा पडत.

1826 साली दैवाने थोडी कूस पालटली. बाल्टिमोर शहरात मालकाचे नातलग राहत होते, ऑल्ड आडनावाचे. त्यांच्या घरी या पोराला धाडले. घरधनीण सोफियाबाई मनाने मऊ होती. तिने कधी गुलाम पाळला नव्हता. आपल्या मुलाबरोबर ती यालाही अक्षरे शिकवू लागली. नवऱ्याला कळताच त्याने हा उद्योग बंद पाडला. गुलामाला वाचता आले की तो गुलाम राहण्याच्या कामाचा उरत नाही, असे त्याने बायकोला बजाविले. पोर जवळच उभे राहून ऐकत होते. बंद दाराची किल्ली कोठे ठेविली आहे, हे धन्यानेच सांगून टाकिले!

तेव्हापासून त्याने अक्षरांचा ध्यास घेतला. बाहेर कामाला जाताना खिशात भाकरीचा तुकडा ठेवावा, रस्त्यावरच्या गरीब, भुकेल्या गोऱ्या पोरांना तो द्यावा, आणि बदल्यात एखादा शब्द शिकून घ्यावा. गोदीत फळ्यांवर सुतारांनी खडूने घातलेल्या खुणा पाहून लिहिणे शिकावे. बारा वर्षांचा असताना बूट पुसून साठविलेल्या पन्नास सेंटांत त्याने भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले. ती गोरी पोरे त्याच्याशी कधी वाईट वागली नाहीत, हे येथे ध्यानात ठेवावे. भेद हा पोटातून कोणी आणीत नाही. तो मागाहून शिकविला जातो.

पुढे 1833 साली त्याला परत खेड्यात, थॉमस ऑल्ड या मालकाकडे जावे लागले. हा मालक नुकताच मोठा भक्त झाला होता. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, घरी धर्मगुरूंच्या पंगती. पोराला वाटले, आता तरी याच्या मनाला पाझर फुटेल. पण झाले उलटेच. हेनी नावाची एक बिचारी मुलगी होती, लहानपणी भाजून तिचे हात निकामी झाले होते. तिला बांधून हा मालक फटके मारी आणि वर धर्मग्रंथातील वचन म्हणे. फ्रेडरिकने काही काळ्या मुलांना रविवारी वाचावयास शिकविण्याचा घाट घातला, तर तेथे काठ्या घेऊन जी मंडळी चालून आली, तीत हा भक्तही होता. मुखी नाम आणि हाती चाबूक, असल्या भक्तीला आपल्या संतांनी काय म्हटले असते, हे वाचकांना सांगावयास नको.

पोर हट्टी झाले म्हणून 1834 च्या आरंभी त्याला एका वर्षासाठी कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे दिले. गुलामांचा ताठा मोडून देणे ही याची ख्याती. सहा महिने हाडे मोडेतो काम आणि पाठीवर वळ. पोराचे वाचणेही सुटले, मनही मेले. शेवटी ऑगस्टमध्ये एके सकाळी कोव्ही बांधावयास आला तेव्हा सोळा वर्षांचा फ्रेडरिक उलटून उभा राहिला. सुमारे दोन तास झोंबाझोंबी चालली. त्याने मालकाला मारावयाचे टाळले, पण स्वतःला मारू दिले नाही. त्यानंतर कोव्हीने त्याच्या अंगाला बोट लाविले नाही. शरीर गुलामीतच राहिले, पण आतला माणूस त्या दिवशी उठून बसला.

1836 साली पळून जाण्याचा एक बेत फुटला, तुरुंग झाला. मग पुन्हा बाल्टिमोर. तेथे जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजविण्याचे काम तो शिकला. चांगला कारागीर झाला. आठवड्याची मजुरी मात्र शनिवारी मालकाच्या हातावर ठेवावयाची. त्या गोदीत चार गोऱ्या कामगारांनी मिळून त्याला इतके मारले की डोळा जावयाचा राहिला. फिर्याद घेईना कोणी, कारण काळ्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नसे, आणि पाहणाऱ्या गोऱ्यांतून एकही तोंड उघडीना.

याच शहरात ॲना मरे नावाची एक मुलगी घरकाम करीत असे. तीही काळी, पण जन्माने स्वतंत्र. दोघांचे मन जुळले. तिने आपली गाठीची पुंजी काढून दिली. 3 सप्टेंबर 1838 रोजी फ्रेडरिक खलाशाच्या वेषात, दुसऱ्या एका खलाशाचे कागद खिशात घालून, आगगाडीत चढला. कागदावरचे वर्णन त्याच्याशी जुळत नव्हते. तिकीट तपासणाऱ्याने नुसता वरवर नजर टाकून कागद परत दिला. चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोहोचला. मागोमाग ॲना आली, आणि 15 सप्टेंबरला त्यांचे लग्न लागले. धरपकड टळावी म्हणून आडनाव बदलून डग्लस घेतले. मॅसॅच्युसेट्स प्रांतात न्यू बेडफर्ड या बंदरी दोघांनी बिऱ्हाड थाटले.

आता गोष्ट संपली असे कोणास वाटेल. गुलाम सुटला, स्वतंत्र मुलुखात आला, संसार लागला. पण खरी गोष्ट येथून सुरू होते. त्या मुलुखात गुलामगिरी नव्हती, तरी भेद होता. डग्लस आपल्या कसबाचे काम मागावयास गोदीत गेले. मालक काम देण्यास तयार होता, पण गोरे कारागीर म्हणाले, हा हातोडी धरील तर आम्ही खाली ठेवू. मग दोन डॉलर रोजाचे काम सोडून एक डॉलर रोजावर ओझी वाहणे, लाकडे फोडणे आले. रविवारी ते तेथील गोऱ्यांच्या देवघरात गेले. आरंभी सांगितली ती गोष्ट तेथे घडली. प्रभूच्या नावाची भाकरी आणि द्राक्षरस आधी गोऱ्यांना दिला, आणि सगळे झाल्यावर धर्मगुरूंनी कोपऱ्यात बसलेल्या काळ्यांना मोठ्या प्रेमळ आवाजात बोलाविले. डग्लस उठले आणि बाहेर पडले. पुन्हा तेथे गेले नाहीत. आपल्या लोकांच्या एका लहानशा मंडळीत जाऊन ते तेथे प्रवचन करू लागले.

1841 साली नँटकेट बेटावर गुलामगिरीविरोधी सभा होती. तेथे ते थरथरत बोलावयास उभे राहिले आणि सगळी सभा स्तब्ध झाली. विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या मंडळींनी त्यांना प्रचारक नेमले. गावोगाव हिंडावे, आपली कर्मकहाणी सांगावी. आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यातून उतरण्यास नकार दिला म्हणून त्यांना ओढून काढण्यात आले. ते बाकाला असे धरून बसले की बाकही उखडून बाहेर आला. एवढे शुद्ध बोलणारा माणूस गुलाम असेलच कसा, अशी शंका लोक घेऊ लागले, तेव्हा 1845 साली त्यांनी आपले आत्मचरित्र छापून मालकांची नावे-गावे सांगून टाकिली. त्यामुळे पकडले जाण्याचे भय वाढले, आणि ते आयर्लंड-इंग्लंडला गेले. तेथे सुमारे दीड वर्षाच्या वर राहिले. तेथील स्नेह्यांनी वर्गणी काढून 150 पौंडांना त्यांचे स्वातंत्र्य विकत घेतले. कायद्याने मालक ठरलेल्याकडून माणसाने स्वतःचा देह विकत घ्यावा, याहून विपरीत सौदा तो कोणता?

परत येऊन 1847 साली रॉचेस्टर शहरी त्यांनी आपले वृत्तपत्र काढले. नाव ठेविले ध्रुवतारा, कारण पळणारे गुलाम रात्री त्या ताऱ्याच्या धोरणाने उत्तरेला वाट काढीत. दुसऱ्या वर्षी स्त्रियांच्या हक्कांची सभा सेनेका फॉल्स येथे भरली. तेथे स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा या मागणीच्या पाठीशी ते उभे राहिले. त्याच वर्षी त्यांनी नऊ वर्षांच्या रोझेटाला एका खासगी शाळेत घातले. पोरगी रडत घरी आली. तिला एकटीला वेगळ्या खोलीत बसवीत होते. डग्लस यांनी जाब विचारला, तेव्हा मुख्य बाईंनी वर्गातल्या मुलींना विचारून पाहिले. सगळ्या मुलींनी तिला आपल्यातच बसविण्याचा कौल दिला. मग पालकांना विचारले, तर एका पालकाने हरकत घेतली, आणि तेवढ्यावर रोझेटाची शाळा सुटली. लेकरांना चालत होते, थोरांना चालले नाही!

1861 साली उत्तर आणि दक्षिण यांत यादवी पेटली. 1 जानेवारी 1863 रोजी अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर प्रांतांतील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. डग्लस यांनी काळ्या तरुणांना फौजेत भरती होण्याचे आवाहन केले, आणि आपली दोन मुले आधी दिली. मरणाला रंग नव्हता, पण पगाराला होता. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर, काळ्याला कपड्यांचे कापून हाती 7. हे गाऱ्हाणे घेऊन ते थेट लिंकन यांना भेटले. 1864 साली कायदा होऊन पगार सारखा झाला. पुढच्या वर्षी लिंकन यांच्या दुसऱ्या शपथविधीनंतर मेजवानी होती. डग्लस गेले तर द्वारपालांनी अडविले. आत निरोप गेला, आणि लिंकन यांनी भरल्या सभेत त्यांचे मित्र म्हणून स्वागत केले. ज्याच्या मुलांनी त्या राज्यासाठी बंदूक धरली, त्यालाही दारात आधी अडविलेच.

1865 साली गुलामगिरी घटनेनेच बंद झाली. 1868 साली नागरिकत्व, 1870 साली काळ्या पुरुषांना मत. आता तरी सगळे झाले, असे पुन्हा कोणास वाटेल. 1877 साली दक्षिणेतली सरकारी फौज काढून घेतली, आणि जुनी माणसे नव्या वाटेने परत आली. गुलामगिरी नाही म्हणता काय? मग जमीन अर्धेलीने द्या, बी-बियाणे उधार द्या, हिशेबाची वही आपल्याजवळ ठेवा, आणि कर्ज कधीच फिटू देऊ नका. किरकोळ गुन्ह्यावरून पकडा, आणि कैदी म्हणून मळ्यांना व खाणींना भाड्याने द्या. मत द्यावयास आला तर कराची आणि वाचनाची अट घाला. इतक्यानेही ऐकले नाही तर जमाव जमवा आणि झाडाला टांगा. शब्द बदलले, वागणूक तीच. 1883 साली सर्वोच्च न्यायालयाने गाडी, खाणावळ, नाटकगृह येथे भेद करू नये असा कायदाही मोडीत काढला.

डग्लस यांना या काळात मानाची पदे मिळाली. राजधानीचे मार्शल, दस्त नोंदणीचे अधिकारी, हैती देशात अमेरिकेचे वकील. पण कोणी पद दिले म्हणून ते गप्प बसले नाहीत. त्यांच्या हातून चुका झाल्या नाहीत असेही नाही. मुक्त झालेल्यांच्या एका पेढीचे अध्यक्षपद त्यांनी 1874 साली घेतले. ती आतून पोखरलेली निघाली आणि गरिबांचे पैसे बुडाले. त्याची बोच त्यांना राहिली. 1882 साली ॲना गेली. नवऱ्याच्या कीर्तीच्या मागे लिहिता-वाचता न येणारी ही बाई जोडे शिवून, घर चालवून, पळून आलेल्या गुलामांना रात्री-अपरात्री जेवू घालून उभी होती, हे विसरून चालणार नाही. दीड वर्षाने त्यांनी हेलन पिट्स या गोऱ्या बाईशी लग्न केले, तेव्हा गोरेही रागावले आणि काळेही. भेदाची मुळे दोन्ही बाजूंना जातात, असे यातून दिसते.

1877 सालची एक भेट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. जुना मालक थॉमस ऑल्ड म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला होता. डग्लस त्याला भेटावयास गेले. एकाचे हात कंपवाताने थरथरत होते, दुसऱ्याचा कंठ दाटला होता. दोघांच्या डोळ्यांना पाणी आले. डग्लस यांनी आजीला मरणकाळी टाकून दिल्याचा आरोप पूर्वी त्याच्यावर केला होता. तो चुकीचा होता हे त्यांनी तेथे कबूल केले. अन्यायाशी त्यांनी जन्मभर तडजोड केली नाही, पण माणसाचा द्वेषही सांभाळून ठेविला नाही. आमच्या मते या चरित्रातले सर्वांत अवघड काम हेच.

शेवटची वर्षे ते झुंडीने होणाऱ्या हत्यांविरुद्ध बोलत राहिले. आयडा वेल्स या तरुण बाईने या हत्यांची खरी हकीकत गावोगाव फिरून गोळा केली, तिच्या पाठीशी ते उभे होते. 20 फेब्रुवारी 1895 रोजी स्त्रियांच्या एका परिषदेतून घरी आले, आणि त्याच सायंकाळी देह ठेविला.

त्यांच्या मागे पुढच्याच वर्षी, 1896 साली, वेगळे पण सारखे या नावाखाली भेदाला न्यायालयाने शिक्का दिला. शाळांपुरता तो पुसला गेला 1954 साली. 1964 आणि 1965 सालच्या कायद्यांनी सार्वजनिक जागा आणि मत यांची दारे उघडली. म्हणजे डग्लस यांनी जे मागितले ते कागदावर यावयास त्यांच्या मागे सत्तर वर्षे गेली. आणि कागदावर आले म्हणून घरात आले असेही नाही. 1930 नंतर अमेरिकेत सरकार घरासाठी कर्जाची हमी देऊ लागले. तेव्हा काळ्यांच्या वस्त्या नकाशावर तांबड्या रंगवून तेथे हमी नाकारीत. हे 1968 साली कायद्याने बंद झाले. पण साध्या माणसाची मिळकत म्हणजे त्याचे घर. आजोबाला घर घेता आले नाही, तर नातवाच्या हाती काय यावे? 2022 सालच्या सरकारी पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता मधल्या काळ्या कुटुंबाच्या सुमारे सहापट निघाली. भेद मनातून गेला असे क्षणभर धरले, तरी तो सातबाऱ्यावर राहतो, आणि पिढ्यान् पिढ्या व्याजासकट चालतो.

हे सारे दूरदेशीचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आपल्याच महाराष्ट्रातील जोतीराव फुले यांना तसे वाटले नाही. 1873 साली त्यांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तो आपल्या लोकांनीही तो कित्ता गिरवावा म्हणून. आणि आपण वारकरी म्हणविणाऱ्यांनी तर दुसऱ्याच्या देवघराकडे बोट दाखविताना आपले महाद्वार आठवावे. चोखोबांची समाधी त्या द्वाराच्या बाहेर आहे. त्यांच्या बांधवांना आत जाता यावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. वाळवंटात गळाभेट आणि गावी परतल्यावर वेगळा पाणवठा, हे आपल्यातही घडले आहे. नव्हे, कोठे कोठे अजून मनात घडतेच.

म्हणून आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. वाटेवर ज्याच्या पायाला हात लाविला, त्याला घरी आल्यावर ओसरीवरच थांबवू नये. त्याच्या पोराला आपल्या पोराशेजारी बसू द्यावे. पोरांना आधीपासूनच चालते आहे. अडचण थोरांचीच आहे. रामकृष्णहरी.